जाहिरात सूचनेच्या वेषात

जाहिरातीला 'नको' म्हणता येणे हा नागरी जीवनातला एक साधा, पण मोलाचा हक्क आहे. वृत्तपत्राचे पान उलटता येते, रेडिओ बंद करता येतो, रस्त्यावरच्या फलकाकडे पाठ फिरवून चालू लागता येते आणि दारात उभ्या राहिलेल्या फिरत्या विक्रेत्याला नम्रपणे वाटेला लावता येते. जाहिरातशास्त्राची सारी वाढ या 'नको'शी झुंज घेतच झाली आहे. ग्राहक निघून जाऊ शकतो, म्हणून तर त्याला रिझवावे लागते. परंतु जेथे निघून जाण्यास जागाच नाही, दार लावले तरी पत्रक फटीतून आत येते आणि यजमान, दुकानदार व सुरक्षिततेच्या आज्ञा देणारा अधिकारी या तिन्ही भूमिका एकाच कंपनीकडे असतात, तेथे या झुंजीचे स्वरूपच पालटते. सागरसफरीची अवाढव्य जहाजे हे असे ठिकाण आहे. पाच-सात दिवसांचा मुक्काम, चोहोबाजूंनी पाणी आणि मध्ये काही हजार गिऱ्हाइके! व्यापाऱ्याला याहून सोयीची बाजारपेठ सापडणे कठीण.

या जहाजांवर खोली आवरणारा कर्मचारी रात्री बिछान्यावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापलेले पत्रक ठेवतो. प्रत्येक कंपनीने आपापल्या पत्रकाला एखादे लाडके नाव दिलेले असते. जहाज बंदराला केव्हा लागणार, उतरलेल्यांनी परत केव्हा चढायचे, जेवणाच्या वेळा कोणत्या, ही माहिती त्यात असते. ती मिळाली नाही तर उतारूचे पावलोपावली अडेल. परंतु त्याच पत्रकात, त्याच टायपात आणि त्याच स्वरात असेही सांगितलेले असते की, उद्या दुपारी सोन्याच्या साखळ्या इंचाच्या मापाने विकल्या जातील, चित्रांच्या लिलावाच्या वेळी शॅम्पेन विनामूल्य मिळेल आणि प्रकृतिस्वास्थ्यावरील 'व्याख्याना'स सर्वांनी अवश्य यावे. व्याख्यानाच्या अखेरीस तेले आणि चूर्णे विक्रीला काढली जातात, हे तेथे जाऊन बसल्यावर कळते. शिवाय पत्रकाच्या घडीतून आणखी चार-पाच रंगीत कागद गळून पडतात ते वेगळेच.

दोन हजार खोल्यांच्या जहाजावर खोलीमागे रोज चारच कागद धरले, तरी आठवड्याच्या सफरीत छप्पन्न हजार कागद होतात. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टातील जी दुरुस्ती १ जानेवारी २०१३ पासून अमलात आली, तिच्यामुळे कागद समुद्रात टाकण्यास मनाई आहे. तेव्हा न वाचलेला हा सारा मजकूर जहाजावरच जाळावा लागतो किंवा बंदरावर उतरवावा लागतो. तथापि कागदाची उधळपट्टी हा या प्रश्नाचा लहानसा भाग झाला. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० नंतर, अनेक कंपन्यांनी छापील पत्रके कमी करून सारा कार्यक्रम मोबाइल फोनवरील ॲपमध्ये नेला. कागद वाचला, जाहिरात मात्र उशाशी होती ती खिशात आली. खरा प्रश्न सूचना आणि जाहिरात यांच्या सरमिसळीचा आहे.

तिकिटापलीकडचे उत्पन्न

आगबोटीवर जाहिरात असणे ही काही आजची गोष्ट नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर बिनतारी संदेशयंत्रणा आली, तेव्हा १९०४ च्या सुमारास कुनार्ड कंपनीने जहाजावरच दैनिक छापण्यास प्रारंभ केला. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वरही 'अटलांटिक डेली बुलेटिन' निघत असे. बातम्या आणि शेअर बाजाराचे भाव यांच्या सोबतीला त्यात जाहिरातीही असत. पण त्या काळी जहाज कंपनीचा मुख्य धंदा माणसांना पलीकडच्या किनाऱ्यावर सुखरूप पोचवण्याचा होता. जाहिरात ही त्या धंद्याची शिलाई-किनार होती. वस्त्र दुसरे होते.

१९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमानांनी अटलांटिकवर नियमित उड्डाणे सुरू केली आणि थोड्याच वर्षांत हे वस्त्र विरले. जहाजे उरली, पण त्यांतून जाण्याचे प्रयोजन उरले नाही. मग नवे प्रयोजन निर्माण करण्यात आले. मायामी बंदर हे त्याचे केंद्र झाले. १९६६ मध्ये आज 'नॉर्वेजियन' या नावाने ओळखली जाणारी कंपनी, १९६८ मध्ये 'रॉयल कॅरिबियन' आणि १९७२ मध्ये 'कार्निव्हल' अशा कंपन्या पाठोपाठ उभ्या राहिल्या. कार्निव्हलचे पहिले जहाज 'मार्डी ग्रा' आपल्या पहिल्याच सफरीत मायामीजवळ वाळूत रुतून बसले होते. परंतु टेड ॲरिसन या तिच्या संस्थापकाने एक गोष्ट अचूक हेरली. जुन्या जहाजालाच पर्यटनस्थळ ठरवून त्याने 'मौजेचे जहाज' म्हणून त्याचा डंका पिटला. जहाज हे वाहन राहिले नाही, ते एक गाव झाले. आणि गाव म्हटले की बाजार आलाच.

या बाजाराचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय पत्रकांचा भडिमार समजणार नाही. जहाजावरची रिकामी खोली ही मंडईतल्या पालेभाजीसारखी नाशवंत असते. जहाजाने बंदर सोडले की त्या खोलीची किंमत शून्य. म्हणून तिकीट उतरत्या भावाने विकून जहाज भरायचे आणि सुटलेला नफा जहाजावर वसूल करायचा, ही रीत पडली. मद्य, जुगारघर, मालिशगृह, छायाचित्रे, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. कार्निव्हल समूहाचे २०२३ चे एकूण उत्पन्न सुमारे २१ अब्ज ६० कोटी डॉलर होते; त्यांपैकी तिकिटांबाहेरचे, म्हणजे जहाजावरील विक्री आणि तत्सम बाबींचे उत्पन्न सुमारे साडेसात अब्ज डॉलर होते. म्हणजे मिळकतीतला प्रत्येक तिसरा डॉलर उतारू एकदा जहाजावर चढण्याचे ठरल्यानंतर त्याच्याकडून मिळवलेला असतो. एवढी मोठी रक्कम आपोआप जमत नाही. तिच्यासाठी उतारूच्या मागे सकाळपासून रात्रीपर्यंत लागावे लागते.

जहाजाची दिनचर्याही या गरजेनुसार बेतलेली असते. जहाज बंदरात असताना तेथील कर आणि जुगारविषयक कायदे आड येतात, म्हणून बहुतेक ठिकाणी दुकाने व जुगारघर बंद ठेवावी लागतात. साहजिकच भर समुद्रातला दिवस हा बाजाराचा दिवस ठरतो. रोख पैसा कोठेही द्यावा लागत नाही; खोलीचे कुलूप उघडणारे कार्डच पैशाचे काम करते. नोटा मोजून देताना हाताला जो क्षणभर संकोच वाटतो, तो या व्यवस्थेत वाटत नाही. सफरीच्या अखेरच्या रात्री मात्र आणखी एक कागद येतो. सर्व कागदांत तेवढाच निखालस खरा असतो, कारण ते बिल असते.

पैसे मोजून मिळवलेली शिफारस

दुकानाने आपला माल चांगला म्हणावा, यात वावगे काही नाही. गिऱ्हाईकही ते ऐकून सोडून देते. परंतु तेच वाक्य जहाजाच्या अधिकृत व्यासपीठावरून येते तेव्हा त्याला सल्ल्याचे वजन प्राप्त होते. कॅरिबियन समुद्रातील बंदरांत उतरण्यापूर्वी जहाजावर त्या बंदराविषयी एक भाषण होते. उतारूंची अपेक्षा असते की गावाचा इतिहास, वाहनांची सोय, पाहण्याजोग्या जागा यांची माहिती मिळेल. ती थोडीफार मिळतेही. परंतु वेळेचा मोठा भाग हिरे, घड्याळे आणि मौल्यवान खडे यांच्या दुकानांना दिला जातो आणि शेवटी हाती एक नकाशा पडतो. त्यावर 'शिफारस केलेली' दुकाने ठळकपणे दाखवलेली असतात. ही शिफारस त्या दुकानांनी जाहिरातीचे पैसे भरून मिळवलेली असते. तसा खुलासा बारीक अक्षरांत कोठे तरी केलेला असतो. पण नवख्या बंदरात पाऊल ठेवण्याच्या उत्साहात बारीक अक्षरे वाचतो कोण? पैसे न भरलेला स्थानिक कारागीर या नकाशावर अस्तित्वातच नसतो. म्हणजे या सरमिसळीत फसगत केवळ उतारूची होत नाही. ज्या बेटाच्या सौंदर्याचे चित्र दाखवून तिकिटे विकली जातात, त्या बेटावरचा लहान दुकानदारही तिच्यामुळे बाजूला पडतो.

चित्रांच्या लिलावांची गोष्टही अशीच आहे. विक्री भर समुद्रात होते, विकणारी संस्था बहुधा जहाज कंपनीहून वेगळी असते आणि तिच्या व्यवहाराची जबाबदारी आपल्यावर नाही असे जहाज कंपनीने तिकिटाच्या अटींत आधीच लिहून ठेवलेले असते. निमंत्रण जहाजाच्या पत्रकातून, विश्वास जहाजाच्या नावावर आणि जबाबदारी तिसऱ्याचीच, अशी ही वाटणी आहे. २००८ च्या सुमारास अमेरिकेत अशा लिलावांवरून अनेक ग्राहकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, यात आश्चर्य नाही.

या वृत्तीचे सर्वांत सूक्ष्म रूप डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाने उघड केले. १९९५ मध्ये तो एका मासिकासाठी कॅरिबियन सफरीवर गेला होता आणि १९९६ मध्ये 'हार्पर्स' मासिकात त्याचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. जहाज कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्याला फ्रँक कॉनरॉय या प्रतिष्ठित साहित्यिकाचा एक सुरेख निबंध आढळला. कॉनरॉय हे आयोवा विद्यापीठाच्या विख्यात लेखन कार्यशाळेचे संचालक होते. निबंधात सफरीची मुक्तकंठाने स्तुती होती. तो पैसे घेऊन लिहिलेला आहे, असे मात्र पुस्तिकेत कोठेही म्हटलेले नव्हते. वॉलेसने चौकशी केली तेव्हा मोबदल्याची गोष्ट स्पष्ट झाली. त्याचा आक्षेप मोबदल्याला नव्हता, मौनाला होता. जाहिरात जेव्हा कलाकृतीचा वेष घेते, तेव्हा खऱ्या कलाकृतीकडेही वाचक संशयाने पाहू लागतो, हे त्या आक्षेपाचे सार. हाच न्याय सूचनेला लागू केला, तर प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

ध्वनिक्षेपकाची पत

जहाजावरची सूचना ही सामान्य सूचना नसते. प्रसंगी तिच्यावर प्राण अवलंबून असतात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जणांना प्राण गमवावे लागले. त्या संध्याकाळी चिव्हितावेक्या बंदरात चढलेल्या उतारूंची आपत्कालीन कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. धडक बसल्यानंतर प्रारंभी उतारूंना सांगण्यात आले ते एवढेच की, विजेचा काही बिघाड झाला आहे. या दुर्घटनेचा जाहिरातींशी संबंध नव्हता. पण ध्वनिक्षेपकावरून येणारा शब्द खरा असणे आणि तो खरा वाटणे, या दोन्ही गोष्टी किती महत्त्वाच्या आहेत, हे तिने दाखवून दिले. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

आता दुसरी बाजू पाहावी. ज्या ध्वनिक्षेपकावरून संकटकाळी आज्ञा द्यायची, त्याच ध्वनिक्षेपकावरून दिवसभर सोडतीच्या खेळाची, दागिन्यांच्या सवलतीची आणि लिलावाची दवंडी पिटली जाते. २०२० पासून काही कंपन्यांनी एकत्र कवायतीऐवजी सुरक्षिततेची चित्रफीत फोनवर किंवा खोलीतल्या दूरचित्रवाणीवर पाहण्याची आणि मग आपल्या जमावाच्या जागी जाऊन हजेरी लावण्याची पद्धत सुरू केली. गर्दी टळली हे चांगलेच झाले. पण जीवरक्षक जाकीट कसे घालावे हे सांगणारा पडदा आणि मद्याचे एकगठ्ठा कूपन 'फक्त आजच' स्वस्त असल्याचे सांगणारा पडदा एकच झाला. शाळेतल्या घंटेचा उपयोग कोणी आइस्क्रीम विकण्यासाठी करू लागला, तर मुले घंटेकडे लक्ष देणे सोडून देतील, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. वारंवार वाजणाऱ्या निरर्थक घंटेने कान बधिर होतात आणि अर्थपूर्ण घंटा त्याच बधिर कानांवर पडते.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. जहाजावरील विक्रीमुळेच तिकीट स्वस्त राहते. ती बंद केली तर सामान्य नोकरदाराला सफर परवडणारच नाही. शिवाय खरेदीची सक्ती कोणावरही नाही. या युक्तिवादात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. साध्या पगारावरचे लाखो लोक आज समुद्र पाहू शकतात, याचे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागेल. परंतु स्वस्ताईचा हा युक्तिवाद तेव्हाच टिकतो, जेव्हा ग्राहकाला किमतीचे दोन्ही अर्धे भाग दिसतात. जो संयमी आहे त्याचे तिकीट स्वस्त पडते. त्याची तूट भरून काढतो तो ज्याला मोह आवरत नाही. मोहाला साद घालण्याचा हक्क व्यापाऱ्याला असेल. पण ती साद कप्तानाच्या आवाजात घालण्याचा हक्क त्याला नाही. येथे मागणी जाहिरातबंदीची नसून जाहिरातीने आपले नाव लावून यावे एवढीच आहे.

चौदा पॉइंटांचा नियम

हे अशक्य नाही, याचा पुरावा अमेरिकेच्या अलास्का राज्याने दिला आहे. हिमनद्या पाहण्यासाठी तेथे दर उन्हाळ्यात मोठी जहाजे येतात आणि जूनो, केचिकन यांसारख्या लहान गावांत एकाच दिवशी हजारो माणसे उतरतात. अलास्काच्या कायद्याने असे ठरवले की, राज्यातील बंदरातल्या एखाद्या दुकानाने पैसे दिल्यामुळे जहाजावर त्याचा प्रचार होत असेल, तर ती गोष्ट तोंडी आणि लेखी अशा दोन्ही प्रकारे स्पष्ट सांगितली पाहिजे. लेखी खुलाशाची अक्षरे १४ पॉइंटांहून लहान असता कामा नयेत आणि ती लक्ष वेधून घेणाऱ्या वेगळ्या रंगात असली पाहिजेत, इथपर्यंत तपशील कायद्यात घातला आहे. बारीक अक्षरांच्या रोगावर मोठ्या अक्षरांचे हे औषध साधेच आहे. त्यामुळे अलास्कातील जहाजे ओस पडली नाहीत की दुकानांना टाळेही लागले नाही.

किंबहुना या तत्त्वाला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९१२ मध्ये अमेरिकेने टपालाच्या सवलतीचा लाभ घेणाऱ्या वृत्तपत्रांवर बंधन घातले की, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असा शब्द असलाच पाहिजे. अलीकडे कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून अनिवार्य शुल्क धरूनच किंमत जाहीर करण्याचा कायदा अमलात आला, तेव्हा सागरसफरीच्या मोठ्या कंपन्यांनीही आपल्या जाहिरातींतील भाड्याचे आकडे त्यानुसार बदलले. कायदा स्पष्ट असला की धंदा त्याच्याशी जुळवून घेतो.

भारताने या प्रश्नाचा विचार आताच करणे इष्ट आहे. मुंबईहून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाणारी आगबोट कोकणातल्या दोन-तीन पिढ्यांच्या जीवनाचा भाग होती. वळकटी पसरून रात्र काढणाऱ्या त्या उतारूला सुखसोयी बेताच्या मिळाल्या, पण ती बोट कशासाठी आहे याविषयी त्याच्या मनात संभ्रम नव्हता. ती वाहतूक काळाच्या ओघात बंद पडली. आता त्याच समुद्रावर निराळी जहाजे आली आहेत. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोव्याकडे देशी सागरसफरी सुरू झाल्या आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत 'क्रूझ भारत मिशन'चा प्रारंभ करताना २०२९ पर्यंत अशा उतारूंची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. धक्के बांधले जातील, जहाजे येतील. त्यांच्याबरोबर नियमही यावेत.

त्यासाठी पाया तयार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि अशा १३ क्लृप्त्यांची नावानिशी नोंद केली. वेषांतर केलेली जाहिरात, खोटी घाई आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी किंमत यांचा त्यांत समावेश आहे. हीच दृष्टी जहाजावरील छापील पत्रक, भाषण आणि ध्वनिक्षेपक यांनाही स्पष्टपणे लागू करावी. दैनिक कार्यक्रमाचा कागद आणि विक्रीचा कागद वेगळे असावेत. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर तसे ठळकपणे लिहिलेले असावे. आणि सर्वसाधारण ध्वनिक्षेपक केवळ प्रवास व सुरक्षितता यांसाठी राखून ठेवावा. हे तीन नियम पाळण्यास कोणत्याही कंपनीला फारसा खर्च येणार नाही.

नियम येईपर्यंत उतारूच्या हाती काहीच नाही असे नाही. खोलीत जाहिरातींचे कागद ठेवू नयेत, असे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. फोनवरील विक्रीच्या सूचना त्याला बंद करता येतात, खर्चाचा हिशेब अखेरच्या रात्रीपर्यंत न थांबता रोज पाहता येतो. विनामूल्य व्याख्यान हे दुकान आहे असे समजून त्यात जावे, आणि ज्या वस्तूचा किनाऱ्यावरचा भाव ठाऊक नाही ती समुद्रावर घेऊ नये, हे दोन जुन्या व्यवहाराचे नियम त्याला पुरेसे उपयोगी पडतील. मात्र आपला त्रागा त्याने खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्यावर काढू नये. जगभरच्या जहाजांवर गोव्यातले हजारो लोक पोटासाठी ही कामे करीत आहेत. बिछान्यावर कागद ठेवणारा हात त्यांचा असतो. कागदातला मजकूर त्यांचा नसतो.

व्यापार समुद्रावर नवा नाही. माणूस समुद्रावर गेला तोच मुळी पुष्कळदा व्यापारासाठी. पण दर्यावर्दी परंपरेने एक मर्यादा नेहमी मानली आहे. दीपगृहाचा दिवा वाट दाखवण्यासाठी असतो. त्यावर कोणी दुकानाची पाटी टांगत नाही. जहाजावरची सूचना ही त्या दिव्याच्याच जातीची आहे आणि तिला तोच मान मिळाला पाहिजे.